स्पॅनिश लोकांचें ‘खेसूस’ हें नांव

सन २०२४ च्या जुलै महिन्यांत युरोपांतील फुटबॉलच्या अजिंक्यपदाचे सामने चालले असतां आमच्या नववीच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. मधल्या सुटींत मुलें वर्तमानपत्राभोंवतीं गोळा झालीं होतीं. स्पेनच्या संघांत खेसूस नाव्हास ह्या नांवाचा एक जुना खेळाडू होता. २०१० सालीं ज्या संघानें स्पेनला जगज्जेतेपद मिळवून दिलें, त्या संघांतील तेवढा एकच गडी ह्या वेळच्या संघांत उरला होता. मुलांनीं तें नांव इंग्रजी वळणानें ‘जीझस’ असें वाचलें, आणि मग काय विचारतां! ‘जीझस चेंडू अडवितो’, ‘जीझस दमला, त्यास बाहेर बसवा’, असे विनोद सुरू झाले व वर्गभर हंशा पिकला. ख्रिस्ती मुलें ओशाळून बसलीं. तास सुरू होतांच त्यांपैकीं एक जण उभा राहिला आणि म्हणाला, “सर, प्रभूचें नांव माणसाच्या मुलाला ठेवतात, हें पाप नव्हे काय?”

मीं त्यास काय उत्तर दिलें तें सांगण्यास आज संकोच वाटतो. “तिकडच्या लोकांस पुरतें ज्ञान नाहीं, त्यांत विटंबना आहे हें त्यांना कळत नाहीं,” असें म्हणून मीं फळ्याकडे तोंड फिरविलें. मुलाचें समाधान झालें. माझेंहि त्या वेळेपुरतें झालें. पण घरीं गेल्यावर तें उत्तर मनास टोंचूं लागलें. ज्या गोष्टीचा मीं कधीं नीट विचार केला नव्हता, तिच्यावरून मीं एका सबंध राष्ट्रास, किंबहुना वीस राष्ट्रांस, अडाणी ठरविलें होतें. तो वर्ग आतां पुढें गेला आहे. तेव्हां वर्गांत दिलेलें चुकीचें उत्तर मागें घेण्यास वार्षिकाखेरीज दुसरी जागा मला राहिली नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम उच्चाराविषयीं. स्पॅनिश भाषेंत हें नांव ‘जीझस’ असें कोणी उच्चारीत नाहीं. उर्दू बोलणारा मनुष्य ‘खबर’ म्हणतांना जो घशांतला खकार काढतो, तसा त्याचा आरंभ होतो आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो : खे-सूस. अमेरिका खंडांतील कित्येक स्पॅनिशभाषी देशांत तो खकार मऊ होऊन ‘हेसूस’ असें ऐकूं येतें. नांवाचें मूळ मात्र स्पेनमध्यें नाहीं. तें इस्राएल लोकांत आहे. मोशेनें नूनाचा पुत्र होशेय ह्याचें नांव पालटून यहोशवा असें ठेविलें, ही गणनेच्या पुस्तकांतील हकीकत शब्बाथशाळेंत जाणाऱ्या मुलांस ठाऊक आहे. यहोशवा म्हणजे ‘यहोवा तारण करितो’. बाबेलच्या बंदिवासानंतर लोकांच्या तोंडीं ह्या नांवाचा संक्षेप ‘येशूआ’ असा झाला. ग्रीक भाषेंत शकार नाहीं, आणि पुरुषाच्या नांवाच्या शेवटीं सकार लावण्याची तिची रीत. म्हणून ग्रीकांनीं त्याचें ‘इएसूस’ केलें, लॅटिन भाषेंत तें ‘येसुस’ झालें, आणि स्पॅनिश लोकांनीं त्याचें खेसूस केलें.

तेव्हां जोशुआ आणि जीझस हीं मुळांत दोन नांवें नव्हेत. एकच नांव एका वाटेनें सरळ हिब्रूंतून आलें व दुसऱ्या वाटेनें ग्रीस आणि रोम फिरून आलें, एवढाच काय तो भेद. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायांत व इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत जेथें नूनाच्या पुत्राचा उल्लेख आहे, तेथें ‘जीझस’ असेंच छापलेलें आहे. आमच्या शाळेच्या पटावर जोशुआ नांवाचीं मुलें दरसाल असतात. त्यांच्या नांवानें आजवर कोणी दचकलें नाहीं. ज्या मुलानें मला तो प्रश्न विचारिला, त्याच्याच धाकट्या भावाचें नांव जोशुआ आहे!

पहिल्या शतकांतील यहूदी समाजांत हें नांव आपल्याकडील रामा, गोविंदा किंवा नामदेव ह्यांच्यासारखें सर्रास होतें. यहूदी इतिहासकार योसीफस ह्याच्या ग्रंथांत ह्या नांवाचे अनेक पुरुष भेटतात. त्यांत महायाजक आहेत आणि बंडखोरहि आहेत. सिराखाचा पुत्र येशू ह्याचें बोधवचनांचें पुस्तक तर प्रभूच्या जन्मापूर्वींच लिहिलें गेलें होतें. नव्या करारांतच पाहावें. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं पौलाचा एक सहकारी सलाम पाठवितो. त्याचें नांव येशू, आणि त्यास युस्त असेंहि म्हणत. कुप्र बेटांत पौलाशीं विरोध करणारा जो खोटा संदेष्टा होता, त्याचें नांव बर्येशू, म्हणजे येशूचा पुत्र. देवदूतानें योसेफास व मरीयेस सांगितलेलें नांव हें कोणी न ऐकिलेलें दिव्य नांव नव्हतें. नासरेथच्या विहिरीवर एखाद्या बाईनें ‘येशू, अरे इकडे ये’ अशी हांक मारली असती, तर दोन-चार पोरांनीं माना वळविल्या असत्या. म्हणूनच लोकांस ‘नासरेथकर’ किंवा ‘योसेफाचा पुत्र’ अशी ओळख त्या नांवास जोडावी लागे. देव मनुष्य झाला असें आपण म्हणतों, तेव्हां तो आपल्यासारखें शरीर घेऊन आला एवढेंच आपल्या मनांत असतें. तो शेजारच्या पोराचें नांव घेऊन आला, हें आपण विसरतों.

पुढें यहूदी व ख्रिस्ती ह्या दोघांनींहि हें नांव मुलांस ठेवणें हळूहळू सोडिलें; एकांनीं दुराव्यामुळें, दुसऱ्यांनीं आदरामुळें. ह्या आदराचें एक फार जुनें उदाहरण विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत बरब्बाची गोष्ट येते. कांहीं प्राचीन हस्तलिखितांत त्याचें नांव नुसतें बरब्बा असें नसून ‘येशू बरब्बा’ असें आहे. तिसऱ्या शतकांतील थोर विद्वान ओरिगेन ह्यास तो पाठ माहीत होता. परंतु पापी मनुष्यास हें नांव शोभत नाहीं, असें त्यास वाटलें, आणि ज्या प्रतींत तें नांव नव्हतें त्याच बरोबर असाव्या, असा त्याचा कल पडला. म्हणजे माझ्या वर्गांतील मुलाचें आणि ओरिगेनाचें मत एकच झालें! मुलानें अभिमान बाळगावा.

पण मला वाटतें, दोघेहि एकाच जागीं चुकले. तो जुना पाठ खरा धरिला तर पिलाताचा प्रश्न किती भेदक होतो तें पाहावें. दोन मनुष्यें लोकांपुढें उभीं आहेत. दोघांच्याहि आईबापांनीं एकाच आशेनें एकच नांव ठेविलेलें. एक मुक्ति तलवारीनें आणूं पाहणारा, दुसरा वधस्तंभानें. ह्यांपैकीं कोणता येशू सोडूं, असें सुभेदार विचारीत आहे. हस्तलिखितांतून ज्यानें तें नांव गाळलें त्यास आपण प्रभूची अब्रू राखिली असें वाटलें असेल. पण त्यानें गोष्टीचा कणाच काढून घेतला.

आतां स्पेनकडे वळूं. तेथें हा जुना संकोच टिकला नाहीं. त्याचें कारण काय, ह्याविषयीं एक तर्क असा करितात कीं, ७११ पासून १४९२ पर्यंत त्या देशाच्या लहानमोठ्या भागावर मुसलमानांचें राज्य होतें. ते आपल्या पैगंबराचें नांव घरोघर मुलांस ठेवीत, तें पाहून ख्रिस्ती लोकांसहि आपल्या प्रभूचें नांव ठेवावेंसें वाटलें. हा तर्कच समजावा. मला अधिक पटतें तें हें कीं, स्पॅनिश लोकांची नांवें ठेवण्याची सगळी तऱ्हाच अशी आहे. धर्मांतील कोणतीहि वस्तु मुलाच्या पाळण्यापर्यंत आणण्यास त्यांस भीति वाटत नाहीं. साल्वादोर म्हणजे तारणारा. मानुएल म्हणजे आपला इम्मानुएल. क्रिस्तोबाल म्हणजे ख्रिस्तास वाहून नेणारा, आंखेल म्हणजे देवदूत, आणि दोमिंगो म्हणजे चक्क रविवार, प्रभूचा दिवस. मुलींचीं नांवें तर मरीयेच्या पदव्यांवरून घेतलेलीं असतात. दोलोरेस म्हणजे दुःखें, मेर्सेदेस म्हणजे दया, पिलार म्हणजे खांब. मुलीस ‘दुःखें’ असें नांव ठेवणारी आई आपणांस विचित्र वाटेल. पण मुलास कुशीवर घेऊन शोक करणाऱ्या मातेची आठवण त्या नांवांत आहे. आपल्याकडे कित्येक मुलींस ‘नकुशी’ असें नांव ठेवीत, आणि २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत अशा मुलींस समारंभानें नवीं नांवें द्यावीं लागलीं. विचित्र कोणतें तें वाचकांनींच ठरवावें.

खेसूस हें पुरुषाचें नांव खरें. परंतु स्त्रीस ‘मारिया खेसूस’ हें जोडनांव असतें आणि पुरुषास ‘खेसूस मारिया’ हेंहि असतें. घरांत ह्या नांवाचे लाडके तुकडे होतात. कोठें सूसो, कोठें चूस, तर मेक्सिकोंत चूई. बास्क लोकांनीं आपल्या भाषेंत त्याचें ‘योसू’ असें रूप केलें आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत आठव्या दिवशीं बाळाचें नांव ठेविल्याचें सांगितलें आहे, त्या आठवणीचा सण रोमन मंडळींत हल्लीं ३ जानेवारीस येतो. ज्यांचें नांव खेसूस त्यांचा तो नामदिन. शिवाय स्पेनमध्यें कोणी शिंकला कीं शेजारचा मनुष्य ‘खेसूस!’ म्हणतो. आमच्या खेड्यांतील म्हातारी दमून ओट्यावर टेकतांना ‘विठ्ठला, पांडुरंगा’ म्हणते, त्याच जातीचा हा उद्गार होय.

ह्या नांवाचे सगळेच कांहीं संत निपजले नाहींत. व्हायोलिनवादक खेसूस दे मोनास्तेरिओ (१८३६–१९०३), संगीतकार खेसूस गुरीदी (१८८६–१९६१), व्हेनेझुएलाचा कलावंत खेसूस राफाएल सोतो (१९२३–२००५), हे आपापल्या विद्येंत नांवाजलेले पुरुष झाले. पण मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतांत खेसूस माल्व्हेर्दे नांवाच्या एका लुटारूची दंतकथाहि सांगतात. १९०९ सालीं त्यास फांशीं दिलें म्हणतात, आणि मादक पदार्थांचा चोरटा व्यापार करणारे लोक त्याच्या देवळांत मेणबत्त्या लावितात. ओरिगेन हें पाहता तर काय म्हणता कोण जाणे! आणि खरें सांगावयाचें तर बहुतेक घरीं हें नांव ठेवतांना आईबापांच्या मनांत धर्मशास्त्र नसतेंच. आजोबांचें नांव खेसूस होतें म्हणून नातवाचें खेसूस. ह्यांतहि वावगें काय आहे? जें नांव आजोबांच्या मायेसकट मिळतें, तें शब्दकोशांतून काढलेल्या नांवापेक्षां मुलास अधिक ऊब देतें.

शेजारच्या पोर्तुगीज लोकांची चाल निराळी आहे. ते सहसा मुलाचें पहिलें नांव हें ठेवीत नाहींत. ‘दे जेझूस’ असें तें मागून लावितात. त्यांच्यामार्फत तें शब्दरूप आपल्या गोमंतकांत आलें. जुन्या गोव्यांतील ज्या देवालयांत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें शव ठेविलेलें आहे, त्याचें नांव ‘बॉं जेझूस’, म्हणजे भला येशू. १५९४ सालीं त्याची बांधणी सुरू झाली आणि १६०५ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. झेवियर स्वतः नाव्हार प्रांतांतले, आणि ज्या संघाचे ते होते त्याचें नांवच ‘येशूचा संघ’. १५४० सालीं पोपांनीं ह्या संघास मान्यता दिली, तरी त्याच्या नांवावर पुष्कळांचा राग होता. पांचवे सिक्स्त ह्या पोपांस तर तें नांव इतकें खटकलें कीं, त्यांनीं तें बदलण्याचा हुकूम काढविला. परंतु १५९० सालीं त्यांचें निधन झालें व पुढच्या पोपांनीं जुनेंच नांव राहूं दिलें. हें सांगण्याचा हेतु इतकाच कीं, ह्या बाबतींतली अढी आम्हां प्रॉटेस्टंट लोकांचीच आहे असें नाहीं. ती खुद्द रोमेंतहि होती.

तथापि आमच्या शाळांत ती आली ती इंग्रजी भाषेच्या वाटेनें. इंग्रजी बोलणारे लोक हें नांव मुलांस ठेवीत नाहींत, आणि त्यांचा संकोच तोच शास्त्राचा संकोच, असें आम्ही न विचारतां धरून चाललों. त्या संकोचाचा मी अनादर करीत नाहीं. ज्या मिशनरी गुरूंच्या हाताखालीं मी शिकलों त्यांच्या तोंडीं हें नांव प्रार्थनेवांचून व उपदेशावांचून कधीं आलें नाहीं, आणि तें नांव घेतांना त्यांचा आवाज खालीं येई, हें मला आजहि आठवतें. परंतु त्याच भाषेंत दुसरें काय चालतें? बोटावर हातोडी बसली, गाडी चुकली, कीं तेंच नांव शिवीसारखें तोंडांतून बाहेर पडतें. चित्रपटांतून आमचीं मुलेंहि तें शिकलीं आहेत. ज्यांस प्रार्थनेचे चार शब्द नीट येत नाहींत त्यांस हा उद्गार बिनचूक येतो. मुलास प्रेमानें हांक मारण्यास जें नांव फार पवित्र, तें ठेंच लागल्यावर ओरडण्यास मात्र चालतें, हा कोणता आदर?

न्यायालयांपर्यंत गेलेल्या दोन गोष्टी येथें सांगतों. जर्मनींत १९९८ सालीं फ्रांकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयानें येशू हें नांव मुलास ठेवण्यास हरकत नाहीं, असा निर्णय दिला. उलट अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत २०१३ सालीं एका न्यायाधिकाऱ्यानें ‘मसीहा’ ही पदवी एकाच पुरुषाची, असें म्हणून एका तान्ह्या मुलाचें तें नांव पालटून ‘मार्टिन’ असें ठेविलें. वरच्या न्यायाधीशानें तो हुकूम त्याच वर्षीं रद्द केला. ज्या देशांत मेक्सिकोकडून आलेल्या घराण्यांतील हजारों खेसूस शेतांत राबतात, विटा रचतात व शाळांत जातात, त्या देशांत असा हुकूम निघावा, हें नवलच.

आपण मराठी माणसांनीं तरी स्पॅनिश लोकांस हंसण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवांत राम नांगर धरितो, कृष्ण उधारी बुडवितो आणि विठ्ठल गणितांत नापास होतो. आई सकाळीं ‘नारायणा, ऊठ रे मेल्या’ म्हणते, त्यानें देवाची विटंबना झाली असें कोणासहि वाटत नाहीं. भागवतांत अजामिळाची कथा आहे. त्यानें मरतेवेळीं धाकट्या मुलास नारायण अशी हांक मारिली आणि तेवढ्यानें त्याची सुटका झाली, असें सांगतात. आपण ती कथा आपल्या धर्माचें प्रमाण म्हणून मानीत नाहीं. पण ज्या भाषेंत ती कथा घरोघर सांगितली गेली, तिच्या कानास मुलाच्या नांवांत देवाचें नांव ऐकण्याची संवय आहे. कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. नारायण हें नांव त्यांनीं टाकिलें नाहीं, आणि त्यामुळें त्यांच्या भजनांतील ख्रिस्त तिळभरहि उणा झाला नाहीं. आमच्या मुसलमान बांधवांत ईसा नांवाचे पुरुष असतात. तें मरीयेच्याच पुत्राचें नांव. ‘येसू’ हा उच्चारहि मराठीस परका नाहीं. येसाजी कंक आणि महाराणी येसूबाई हीं नांवें प्रत्येक मुलाच्या तोंडीं आहेत, मग त्यांचें मूळ यश ह्या शब्दाकडे कां असेना.

आणि आम्ही ख्रिस्ती काय करितों? मुलास इम्मानुएल हें नांव आनंदानें ठेवितों. इम्मानुएल म्हणजे ‘आम्हांबरोबर देव’. अर्थाच्या दृष्टीनें पाहिलें तर येशू ह्या नांवापेक्षां हें अधिक धाडसाचें. पण त्याचा अर्थ कानास जाणवत नाहीं, म्हणून तें चालतें. येशूच्या नांवापुढें मात्र आम्ही नेहमीं ‘दास’ जोडितों : येशूदास, ख्रिस्तदास, प्रभुदास. हीं नांवें मला फार आवडतात. त्यांत नम्रता आहे. परंतु शेजारच्या घरीं राम आहे आणि रामदासहि आहे. आमच्या घरीं दास तेवढा आहे.

ह्यावर एक आक्षेप असा कीं, हिंदु मनुष्य मुलाचें नांव राम ठेवितो, त्याच्या पाठीमागें देव सर्वांभूतीं भरलेला आहे असा विचार असूं शकतो. आमचा विश्वास तर एकाच तारणाऱ्यावर आहे. मग त्याचें नांव वांटून कसें टाकावें? हा आक्षेप मला हलका वाटत नाहीं. पुष्कळ दिवस तो माझाच होता. पण तारणारा एकच आहे म्हणून त्याच्या नांवाचीं अक्षरें एकट्याचीं होतीं असें नाहीं. नासरेथच्या गल्लींत तीं कधींच एकट्याचीं नव्हतीं. तिसरी आज्ञा देवाचें नांव व्यर्थ घेऊं नये असें सांगते. जी आई तेंच नांव दिवसांतून पन्नास वेळां जेवावयास बोलाविण्यासाठीं घेते, ती तें व्यर्थ घेते असें मला म्हणवत नाहीं. उद्यांपासून प्रत्येक ख्रिस्ती घरीं येशू नांवाचें मूल असावें, असा माझा आग्रह नाहीं. नांवें ठराव करून रुजत नसतात. ज्यास तें ठेवावयाचें आहे त्याचा हात मात्र आपण धरूं नये.

मीं तो एकदां धरिला आहे. सुमारे चौदा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या मंडळींत सुतारकाम करणाऱ्या एका गृहस्थाचीं दोन मुलें लागोपाठ गेलीं होतीं. तिसरा मुलगा जगला. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याचें नांव येशू असें ठेवावें, अशी त्यानें पाळकांस विनंति केली. प्रश्न पंचांपुढें आला. मी पंचांत वयानें सर्वांत लहान व शिक्षणानें पुढें, म्हणून शास्त्राधार काढून देण्याचें काम मजकडे आलें आणि मीं तें उत्साहानें केलें. नामाच्या महिम्याचीं सहा वचनें कागदावर उतरून नेलीं. युस्त म्हटलेल्या येशूचें वचन त्यांत नव्हतें. तें मला आठवलें नाहीं, कीं आठवावयास नको होतें, हें आज सांगवत नाहीं. तो गृहस्थ टोपी हातांत धरून दाराशीं उभा होता. माझें वाचून झाल्यावर तो एवढेंच म्हणाला, “मास्तर, मग हें नांव राखून ठेवलंय तरी कुणासाठीं?” कोणी कांहीं बोललें नाहीं. पाळकांनीं समजुतीच्या स्वरांत ‘येशूदास’ हें नांव सुचविलें, तसा ठराव झाला, आणि मंडळीच्या दप्तरांत तें नांव लिहिलें गेलें.

तो मुलगा आतां आमच्याच शाळेंत आठवीला आहे. पटावर त्याचें नांव येशूदास आहे, आणि हजेरी घेतांना मीहि येशूदास असेंच म्हणतों. पण त्याची आजी दुपारीं डबा घेऊन येते, फाटकाशीं उभी राहते आणि सबंध मैदानास ऐकूं जाईल अशा आवाजांत हांक मारिते, “येशू! ए येशू! भाकरी गार होते रे!” खेळणाऱ्या मुलांत कोणी हंसत नाहीं. तो धुळीनें भरलेला तसाच धांवत जातो.